नावानिशी

२९ ऑक्टोबर १९५८. पहाटे पावणेसहाच्या सुमारास शिकागोत जेम्स मन्रो यांच्या घरात तेरा पोलीस दार फोडून घुसले. पुढे होता फ्रँक पेप, डिटेक्टिव्ह खात्यातला बडा अधिकारी. वॉरंट नव्हते, झडतीचे नाही आणि अटकेचेही नाही. घरात सहा लेकरे. नवराबायकोला बिछान्यातून उठवून दिवाणखान्यात नागवे उभे केले. खण उपडे केले, गाद्यांच्या खोळी फाडल्या. पेपने टॉर्चने मारले, काळ्या माणसाला हिणवायचे शब्द वापरले, असे मन्रोंनी पुढे दाव्यात मांडले.

मग त्यांना चौकीवर नेले आणि दोन दिवसांपूर्वीच्या एका खुनाबद्दल दहा तास विचारपूस केली. मॅजिस्ट्रेट हाताशी असूनही त्यांच्यापुढे उभे केले नाही, घरी किंवा वकिलाला फोन करू दिला नाही. शेवटी सोडून दिले. गुन्हा कसलाच लावला नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. त्यातून समोर पोलीस असले, तर जीव वाचला हेच खूप, असे म्हणून माणसे गप्प बसतात. मन्रो कुटुंब बसले नाही. त्यांनी शिकागो शहरावर दावा लावला आणि पोलिसांवरही, नावानिशी.

त्यासाठी त्यांनी १८७१ चा एक कायदा काढला. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कु क्लक्स क्लानच्या टोळ्या काळ्या लोकांना मारत होत्या आणि तिथले शेरीफ डोळ्यांवर कातडे ओढून बसले होते. तेव्हा संसदेने ठरवले, की राज्याच्या अधिकाराच्या जोरावर जो कोणी नागरिकाचा घटनेने दिलेला हक्क हिरावेल, त्याला स्वतःला भरपाईसाठी कोर्टात खेचता येईल. पुढची जवळजवळ नव्वद वर्षे हे कलम धूळ खात पडले होते.

पोलिसांचा बचाव नीट ऐकण्यासारखा आहे. ते म्हणाले, असे घरात घुसणे इलिनॉय राज्याच्या कायद्यातच बसत नाही. मग आम्ही जे केले ते राज्याच्या नावाने केलेच नाही. मन्रोंनी संघराज्याच्या नव्हे, राज्याच्या कोर्टात जावे. म्हणजे दार फोडताना वर्दी अंगावर, आणि जाब विचारला की वर्दी खुंटीला! यापेक्षा निर्लज्ज युक्तिवाद मला माहीत नाही. तरी खालच्या दोन्ही कोर्टांत दावा फेटाळला गेला.

सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९६१ रोजी तो पुन्हा उभा केला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिलेल्या निकालाचा रोख सरळ होता: राज्याने हाती दिलेली सत्ता होती म्हणूनच हा गैरवापर करता आला, तेव्हा राज्याचा कायदा मोडला ही सबब चालणार नाही. या मुद्द्यावर एकट्या न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी विरोधी मत दिले. शिकागो शहराला मात्र न्यायालयाने वगळले. शहरांवर असा दावा लावण्याची वाट १९७८ मध्ये मोकळी झाली.

अधिकाऱ्यांनाही पुढे याच न्यायालयाने सद्हेतूची ढाल दिली, आणि ती वर्षागणिक जाड होत गेली. भरपाई बहुतेक वेळा शहराच्या तिजोरीतून जाते, अधिकाऱ्याच्या खिशातून नाही. मग नाव घालून काय मिळवले, असे कोणी विचारेल. मला वाटते, फार मोठे काही मिळवले. एरवी ‘पोलिसांनी मारले’ एवढेच उरते, आणि त्या वाक्यात माणूस सापडत नाही. प्रतिवादी म्हणून नाव लागले, की कोणाच्या हातात टॉर्च होता हे शपथेवर सांगावे लागते.

पेपलाही नावाची किंमत कळत होती. १९६१ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने हे प्रकरण छापले, पण हे अजून आरोपच आहेत असे त्यात म्हटले नाही. पेपने अब्रूनुकसानीचा दावा लावला. तोही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याचेही म्हणणे तिथे ऐकून घेतले गेले, आणि १९७१ मध्ये निकाल साप्ताहिकाच्या बाजूने लागला.