पोबेदाचे तेच असणे

१९४६पासून सोव्हिएत कारखान्यांत बनू लागलेल्या १५ खड्यांच्या ‘पोबेदा’ या चावीच्या घड्याळाचे पुनरुज्जीवन करणारा हौशी माणूस जेव्हा बॅलन्स-चक्राचा मोडलेला दांडा, म्हणजे ज्याच्या सुईसारख्या टोकांवर ते चक्र हेलकावते तो भाग, बंद पडलेल्या दुसऱ्या पोबेदातून काढून बसवतो, तेव्हा घड्याळ तेच उरते काय, असा प्रश्न उभा राहतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली बौद्ध ग्रंथातील भिक्षू नागसेनाच्या मते ‘रथ’ ही चाके, आस, जू यांवर आधारलेली प्रज्ञप्ती, म्हणजे व्यवहारापुरते नाव आहे. न्याय-वैशेषिक दार्शनिक मात्र अवयवी, म्हणजे भागांहून वेगळे असे पूर्ण द्रव्य, खरे मानतात, आणि म्हणूनच भाग बदलताच जुना अवयवी नष्ट होऊन नवा उपजतो, असे त्यांना म्हणावे लागते. संग्राहकांची रीत या दोन्हींत बसत नाही (आणि ती फारशी सुसंगतही नाही), कारण बदललेला दांडा त्यांना चालतो, पण नव्याने रंगवलेली तबकडी, वेळ तितकीच अचूक दाखवत असूनही, खपत नाही.