चिठ्ठी आणि सोबत

एका गावातले नाना दर आठवड्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात येत. कधी छातीत धडधड, कधी झोप नाही, कधी पायांत त्राण नाही. रक्त तपासलं, कार्डिओग्राम काढला, सगळं ठीक. बायको वारली, मुलगी सासरी, दिवसभर बोलायला कुणी नाही. पण हे काही नानांनी कधी दुखणं म्हणून सांगितलं नाही.

एकदा डॉक्टरांनी विचारलं, "नाना, पूर्वी संध्याकाळी काय करायचात?"

"देवळात पखवाज वाजवायचो. ही गेली आणि सुटलं."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळीऐवजी लिहिलं, 'दर गुरुवारी भजन.' नानांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर.

"गेला होतात?"

"एकट्यानं पाय निघत नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंना बोलावलं. "नुसत्या चिठ्ठीनं भागत नाही, माणसांत नेऊन सोडणारं कुणीतरी लागतं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं 2019 पासून याच कामासाठी दवाखान्यांत पगारी 'लिंक वर्कर' नेमायला घेतले. कुणाला बागकामाच्या गटात न्यायचं, कुणाला कर्जाच्या सल्ल्याला. आपल्या नाशिकच्या पेठ तालुक्यातही 'आत्मीयता' प्रकल्पात गावातलीच माणसं हे शिकली. खचलेल्याचं ऐकून घ्यायचं, सरकारी योजना मिळवून द्यायची."

"म्हणजे सोबत जायचं, एवढंच ना?" आशाताई म्हणाल्या.

गुरुवारी त्या नानांच्या दारात उभ्या. "चला नाना, मलाही भजन ऐकायचंय." वाटेत बोलता बोलता कळलं, हयातीचा दाखला न दिल्यानं श्रावणबाळ योजनेचे पैसे अडकलेत. ते काम आशाताईंनी दुसऱ्याच दिवशी हातावेगळं केलं.

देवळात नाना मागे भिंतीला टेकून बसले. पखवाजावर नवखा पोरगा होता. डाव्या पुडीवरची कणीक पातळ, आवाज फुटका. एक अभंग नानांनी कसाबसा सोसला. मग म्हणाले, "आण रे इकडे." कणीक घट्ट मळून घेतली, पुडीच्या मधोमध थापली, कडा बोटानं दाबल्या आणि थाप दिली. पखवाज घुमला.

"नाना, पुढच्या गुरुवारी शिकवाल?" पोरानं विचारलं.

पुढं आशाताईंना सोबत जावं लागलं नाही. नानांची झोप एकदम काही सुधारली नाही, बायकोची आठवणही सरली नाही. पण एखाद्या गुरुवारी नाना दिसले नाहीत, तर पोरगा घरी येऊन हाक मारू लागला. केंद्रातल्या फेऱ्या आपोआप कमी झाल्या.

तात्पर्य: मनाच्या आजाराला औषध लागतं तिथं ते घ्यावंच. पण एकट्या पडलेल्याला माणसांत न्यावं लागतं. अशा माणसाला "जरा चार लोकांत मिसळा" असं लांबून सांगू नका. पहिल्या दिवशी त्याच्यासोबत जा.