संशय आणि निर्णय यांमधील अंतर

गौतमप्रणीत न्यायसूत्रांत ज्या सोळा पदार्थांची, म्हणजे विचारविषयांची, गणना केली आहे, त्यांत ‘संशय’ तिसरा आणि ‘निर्णय’ नववा आहे. या दोहोंच्या मध्ये प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव आणि तर्क हे पाच पदार्थ येतात. संशय हा चौकशीचा आरंभ होय, तिचे फळ नव्हे, ही शिकवण या क्रमातच सामावलेली आहे. आजारी मुलाच्या आईवर संशय येतो, तेव्हा मात्र हे अंतर एका रात्रीत ओलांडले जाते.

‘टेक केअर ऑफ माया’ या 2023 च्या माहितीपटाचा विषय हाच आहे. असह्य वेदनांच्या दुर्मीळ विकाराचे निदान झालेल्या दहा वर्षांच्या मुलीला 2016 मध्ये फ्लोरिडातील एका रुग्णालयात दाखल केले असता, पेशाने परिचारिका असलेल्या आईने विशिष्ट औषधाचा आग्रह धरला. त्यावरून आईच मुलीला आजारी ठरवत असल्याचा संशय घेण्यात आला, न्यायालयाच्या आदेशाने दोघींची ताटातूट झाली आणि जानेवारी 2017 मध्ये आईने आत्महत्या केली. ज्यूरीने 2023 मध्ये कुटुंबाला 26 कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली; 2025 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला.

पालकाने मुलाची लक्षणे रचणे, वाढवून सांगणे वा प्रत्यक्ष घडवून आणणे आणि त्यायोगे मुलावर अनावश्यक उपचार ओढवणे, याला वैद्यकीय बालछळ म्हणतात. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी 1977 मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. हा प्रकार कल्पित नाही: इंग्लंडमधील रुग्णालयांत संशयास्पद प्रकरणांत छुपे कॅमेरे लावले असता 39 पैकी 33 मुलांच्या बाबतीत छळ उघड झाला, असे 1997 च्या एका प्रसिद्ध शोधनिबंधात नोंदले आहे. परंतु याच मेडो यांनी एका घरात दोन अर्भकांचे नैसर्गिक आकस्मिक मृत्यू होण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक असल्याची सदोष साक्ष दिली, 1999 मध्ये एक निरपराध आई तुरुंगात गेली आणि 2003 मध्ये ती निर्दोष ठरली. संशय घ्यावा की नाही, हा प्रश्न त्यामुळे उरतच नाही. संशयाला कोणता हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, पुरेसा मानावा, हाच खरा प्रश्न आहे.

बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नाग यांनी सद्हेतूची तीन लक्षणे सांगितली आहेत. त्यांतील तिसरे असे की, जेथे साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नाही तेथे हेतूही आढळता कामा नये. आईला औषधांची नावे पाठ आहेत, ती एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाते, तपासण्या निर्दोष आल्या तरी तिचे समाधान होत नाही, ही चिन्हे छळ करणाऱ्या आईत दिसतात हे खरे. पण ज्या मुलाच्या विकाराचे निदान वर्षानुवर्षे हुकले, त्याच्या आईतही ती तंतोतंत दिसतात. दोन्ही पक्षांत वावरणाऱ्या अशा हेतूला नैयायिक ‘सव्यभिचार’ म्हणतात आणि त्याची गणना हेत्वाभासांत, म्हणजे फसव्या हेतूंत, करतात. अधिक गंभीर गोष्ट अशी की, ताटातुटीनंतरचा आईचा आक्रोशही पुढे तिच्याविरुद्धचा पुरावा ठरू लागतो.

आईच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न नागपूरलाही परका नाही. विदर्भात दलित व आदिवासी समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक विकारात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवतात आणि मूल वेदनेने तळमळते, तरी अनेकदा अंगावर त्याची कोणतीही खूण दिसत नाही. वेदनेला बहुधा मुलाचे रडणे आणि आईचे सांगणे एवढाच साक्षीदार असतो. नागपूरकर ज्यांना ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ म्हणतात त्या शासकीय रुग्णालयांत गावाकडून पुनःपुन्हा येणारी, कोणत्या सलाईनने मागच्या वेळी आराम पडला ते ठामपणे सांगणारी आई अतिरेक करत नसते. तिचा आग्रह हा उपचाराचाच भाग असतो. येथे अशा आईच्या वाट्याला आरोपापेक्षा अविश्वासच अधिक येतो, आणि तिची जात व गरिबी त्या अविश्वासात भर घालतात.

हा अविश्वास आरोपापर्यंत पोहोचला, तर भारतातील बाल न्याय अधिनियम 2015 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला 24 तासांत अध्यक्ष व चार सदस्यांच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते; संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आहे आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आहे, ही तत्त्वेही त्याच कायद्यात आहेत. मुलाच्या जिवाला तात्काळ धोका असेल तर त्याला आईपासून दूर करणे समर्थनीय आहे; पण त्यानंतर त्या विकाराचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या, संशय घेणाऱ्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या डॉक्टरचे मत घेतल्यावाचून आणि देखरेखीखाली माय-लेकरांची भेट चालू ठेवल्यावाचून ती ताटातूट एक दिवसही लांबवण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही समितीला नाही.