दाराआडचा अग्नि

तत्त्वज्ञानाचे प्रश्न ग्रंथांतूनच उद्भवतात, असा आम्हां शिकविणाऱ्यांचा एक सोयीस्कर समज असतो. मागें एकदां हिवाळ्यांत अमेरिकेंतील व्हर्माँट संस्थानांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं पंधरा दिवस राहण्याचा योग आला, तेव्हां तेथील एका लोखंडी शेगडीनें हा समज बराच हालविला. तिच्या जुन्या दाराला खिडकी पाडून कांच बसवावी कीं नाहीं, एवढाच त्या घरापुढें प्रश्न होता. परंतु त्यावरून पतिपत्नींत जें मतांतर पडलें होतें तें ऐकतां ऐकतां आम्ही त्यांत असे गुंतलों कीं, स्वदेशीं परतल्यावरही तो विषय मनांतून जाईना.

ज्या वाचकांनीं असली शेगडी पाहिली नसेल, त्यांनीं आपल्याकडील पाणी तापविण्याचा बंब डोळ्यांपुढें आणावा. ओतीव लोखंडाची, कमरेइतक्या उंचीची एक पेटी. तिच्या पोटांत लांकडाचे ओंडके. पाठीमागून छपराबाहेर गेलेलें धुराडें. आणि पुढें एक जाड दार. बाहेर पारा शून्याखालीं 20 अंशांवर उतरला असतां ही पेटी सारें घर ऊबदार ठेवते. मात्र दार लावलें कीं अग्नि दिसेनासा होतो. उरते ती ऊब.

उघड्या चुलाण्याची बरीचशी ऊब धुराड्यावाटे आकाशांत जाते, हें बेंजामिन फ्रँकलिन यानें आपल्या नव्या शेगडीसंबंधीं 1744 सालीं छापलेल्या पुस्तिकेंत स्पष्ट केलें आहे. हा गृहस्थ पैपैचा हिशेब करणारा. तरीही हॉलंड व जर्मनी येथील बंद शेगड्यांचे गुणदोष सांगतांना, त्यांत विस्तवाचें दर्शन घडत नाहीं, हा एक दोष म्हणून त्यानें नोंदविला. ऊब पुरी मिळूनही मनुष्याचें समाधान अपुरें राहतें, हें त्या व्यवहारी माणसालाही मान्य करावें लागलें! पुढें एकोणिसाव्या शतकांत शेगड्यांच्या दारांत अभ्रकाचे पातळ पापुद्रे बसवूं लागले. साधी कांच त्या तापांत तडकते, म्हणून ही तजवीज. तडकणार नाहीं अशा कांचेचा मार्ग सांपडला तो चुकीनें. 1953 सालीं कॉर्निंग येथील प्रयोगशाळेंत डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी 600 अंशांऐवजीं 900 पर्यंत चढली. आंतील कांच वितळून गेली असेल असें त्यांना वाटलें. पण ती शाबूत निघाली, आणि चिमट्यांतून निसटून पडली तरी फुटली नाहीं. त्याच जातीची पारदर्शक कांच आतां शेगड्यांना लावतात. तापानें ती जवळजवळ प्रसरणच पावत नाहीं, म्हणून तडकतही नाहीं.

आतां त्या घरांतला वाद. आमच्या विद्यार्थ्याच्या मातोश्री सातारा जिल्ह्यांतील एका खेड्यांतून मुलाकडे राहावयास आलेल्या. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षें चुलीपुढें गेलेलीं. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदु काढून झालेले. त्या दिवसभर शेगडीजवळ बसत आणि मधूनमधून उठून तिचें दार उघडून पाहत. दार उघडलें कीं धुराचा लोट खोलींत येई. एकदां तर एक निखारा लांकडी जमिनीवर पडला. तेव्हां चिरंजीवांनीं ठरविलें कीं, दाराला कांचच बसवावी, म्हणजे आईची हौस पुरेल आणि धोकाही टळेल. सूनबाईंना हें पसंत नव्हतें. दार पुष्कळ जुनें, त्यावर ओतकामाची सुंदर पानेंफुलें. ओतीव लोखंड ठिसूळ, कापतांना चीर गेली कीं दारही गेलें आणि शेगडीही गेली. शिवाय त्या म्हणाल्या, "ज्या धुरानं आईंचे डोळे गेले, त्याचीच आठवण पुन्हा डोळ्यांपुढे कशाला ठेवायची? आपल्याला ऊब हवी. ती मिळतेच आहे."

हा शेवटला युक्तिवाद आम्हांस प्रबळ वाटला. दाराच्या जुनेपणाविषयीं आमच्यापाशीं उत्तर होतें. थीसियसच्या जहाजाच्या सडलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज तेंच राहिलें काय, हा प्लूटार्कनें नोंदलेला वाद आम्ही वर्षानुवर्षें शिकवीत आलों. वापरांत राहण्यासाठीं जी वस्तु बदलते, ती आपल्या धर्माला जागते, असें आमचें मत आहे. परंतु पाहण्याची इच्छा ही निव्वळ चैन आहे काय, याचें उत्तर इतकें सोपें नव्हतें. आमच्या डोळ्यांपुढें दोन तत्त्वज्ञ उभे राहिले. देकार्त 1619 च्या हिवाळ्यांत जर्मनींतील एका शेगडीच्या खोलींत एकटाच विचार करीत बसला होता. पुढें 1641 च्या चिंतनांत, मी येथें विस्तवाजवळ बसलों आहें, ही गोष्ट तरी निश्चित आहे ना, असें तो विचारतो, आणि अखेर तिच्याविषयींही शंका घेतो. उलट हेराक्लायटसची गोष्ट अॅरिस्टॉटलनें सांगितली आहे. भेटीस आलेले पाहुणे त्याला शेगडीपाशीं शेकत बसलेला पाहून दारांतच थबकले, तेव्हां तो म्हणाला कीं, आंत या, देव येथेंही आहेत. ज्यांच्या ऋग्वेदाचें पहिलें सूक्तच अग्नीचें आहे, त्या आम्हांला यांपैकीं कोण जवळचा वाटावा हें सांगावयास नको. पण जवळचा वाटणें म्हणजे युक्तिवाद नव्हे.

अखेरीस आम्हीं भीत भीत सुचविलें कीं, जिच्यासाठीं हा वाद चालला आहे त्या माउलीलाच विचारावें. आश्चर्य असें कीं, तोंवर तें कोणाच्या ध्यानींच आलें नव्हतें! मुलानें विचारलें, "आई, तुला विस्तव बघायला आवडतो, म्हणून तू दार उघडतेस ना?" ती म्हणाली, "आवडायचं काय त्यांत? दिसल्याशिवाय त्याला काय हवं तें कळणार कसं?"

आम्ही तिघेही निरुत्तर झालों. आम्हीं जिला हौस म्हटलें होतें, ती देखरेख होती.

मग काम सुरू झालें. गांवांतील एका लोहाराकडून दाराला ओळीनें बारीक भोंकें पाडून मधला तुकडा काढविला आणि कड कानशीनें घासून घेतली. पानेंफुलें बव्हंशी वांचलीं. लोखंड तापून फुगतें आणि कांच तशीच राहते, म्हणून कांच चौकटीहून प्रत्येक बाजूस सुमारें 3 मिलिमीटर लहान घेतली. भोंवतीं न जळणारी दोरी बसविली आणि स्क्रू मुद्दाम सैलसर ठेवले. घट्ट आवळलेली कांच हमखास फुटते. वरच्या कडेला मात्र दोरी न घालतां बारीक फट राखली, म्हणजे बाहेरची हवा कांचेवरून खालीं उतरते आणि काजळीला दूर लोटते.

इतकें करूनही तिसऱ्या दिवशीं कांच डांबरासारखी काळी झाली. विद्यार्थी खट्टू झाला. मातोश्री जवळ आल्या, कोपऱ्यांतून जेवढें दिसत होतें तेवढें पाहिलें आणि म्हणाल्या, "कांचेला कशाला बोल लावतोस? लांकूड ओलं आहे. नुसतं फसफसतंय." त्या लगेच सरपणाच्या ढिगाकडे गेल्या आणि दोन दोन ओंडके एकमेकांवर आपटून त्यांचा आवाज ऐकूं लागल्या. वाळलेलें लांकूड खणखणतें, ओलें बद्द वाजतें. जाणकारांच्या मतें जळणांत शंभरांत 20 भागांहून कमी पाणी असावें. त्या बाईंना हा आंकडा ठाऊक नव्हता, तो कानाला ठाऊक होता. दुसऱ्या दिवसापासून ज्वाळा पिवळी व स्वच्छ दिसूं लागली. आणि त्या घरांत केवळ शेकत बसलेली पाहुणी आतां विस्तवाची धनीण झाली.

तेव्हां आम्हांस उमगलें कीं, त्या कांचेनें अग्नि दाखविला तसें घरच्यांचें वर्तनही दाखविलें. ओलें जळण घातलें, हवा कोंडली, कीं ती काळवंडते. लोखंडी दारामागें हाच दोष वर्षानुवर्षें सुखानें लपला असता. काजळी धुराड्यांत साचली असती आणि धूर शेजाऱ्यांच्या नाकांत गेला असता. ज्याच्यापासून ऊब घ्यावी त्याच्याकडे पाहण्याची सोय नसणें, ही नीतीच्या दृष्टीनें मोठी सोयीची गोष्ट असते. फक्त ती सोय ऊब घेणाऱ्याची असते.

येथें आम्हांस आमचें बालपणचें घर आठवल्यावांचून राहिलें नाहीं. माजघरांत दिव्याशीं बसून आम्ही इंग्रजीचे धडे घोकीत असूं. पलीकडे भिंतीआड आई फुंकणी घेऊन चुलीशीं झगडत असे. ऊन भाकरी ताटांत येई. ती कोणत्या धुरांतून येते, हें पाहण्यास त्या भिंतीला खिडकी नव्हती. आणि खरें सांगावयाचें तर, आम्हींही ती कधीं मागितली नाहीं. तिचे डोळे सदा लाल असत, तें आम्हांला तिच्या रूपाचाच एक भाग वाटे. त्यावरून तिला कांहीं विचारावयाचें राहून गेलें, तें राहूनच गेलें.

प्रत्येक दाराला कांच असावी असें आमचें म्हणणें नाहीं. शोक, आजारपण, देवघरांतील एकांत यांना लोखंडी दारच शोभतें. परंतु जेथें कोणी आपल्यासाठीं जळत आहे, तेथें न पाहण्याचा हक्क आपल्याला नाहीं. शिवाय कांच बसविली म्हणजे कर्तव्य संपलें असेंही नाहीं. ती रोज पुसावी लागते. ओलसर वर्तमानपत्राला शेगडींतलीच थोडी राख लावून घासली कीं काजळी निघते. उरलेल्या दिवसांत हें काम आम्हीं हट्टानें आपल्याकडे मागून घेतलें होतें. मातोश्री खुर्चींत बसून कोठें डाग राहिला तें बोटानें दाखवीत, आणि आम्ही पुसत असूं.