ऑफिसचा जार

लातूरच्या एमआयडीसीत एक डाळमिल होती. मालकांना सगळे आप्पा म्हणत. तुरीला तेल-पाणी लावायचं, उन्हात वाळवायची, भरडायची. डाळ बाजारात, चुनी जनावरांना. तीसेक वर्षं असंच चाललेलं. मुलगा पुण्याहून एमबीए होऊन आला आणि कामगारांचा भैया झाला.

भैयानं पहिल्याच दिवाळीत ऑफिसच्या भिंतीवर पितळी अक्षरांचा बोर्ड लावला. सचोटी, शिस्त, आदर, गुणवत्ता, एकजूट. हे पाच शब्द निवडायला पुण्याचा सल्लागार दोनदा येऊन गेला होता आणि त्याचं बिलही घसघशीत होतं. बोर्डापुढं नारळ फुटला, पेढे वाटले गेले. आप्पांनी चष्मा लावून बोर्ड वाचला आणि "अक्षरं झकास आलीत," एवढंच म्हणाले. साल 2015. किरकोळ बाजारात तूरडाळ 200 रुपये किलोला टेकलेली. गोदामात माल असलेल्या माणसाला तेव्हा कुठलंही तत्त्व परवडत होतं.

मग 2016चा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाणीगाडी लातुरात पोचली. तिच्यात पाणी होतं 5 लाख लिटर. शहरात वाटलं तर माणशी जेमतेम लिटरभर. देशभरच्या कॅमेऱ्यांनी ती गाडी टिपली. टँकरच्या वाटेकडं डोळे लावून पहाटेपासून घागरी मांडून बसलेल्या बाया त्या मानानं कमीच दिसल्या.

मिलमध्ये डाळ निवडायला येणाऱ्या बाया त्यांच्यातल्याच. एरवी आठच्या ठोक्याला हजर, आता नऊ, कधी साडेनऊ. मुकादम रोज बोर्डापुढून जाणारा माणूस. त्यानं 'शिस्त' तेवढी उचलली. उशीर झाला की अर्धा खाडा. महिन्याच्या तक्त्यात भैयाला ते दिसलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. बोर्ड लागू पडतोय म्हणायचा!

आठवड्याच्या पगाराला एक मावशी टेबलापाशी थांबल्या. भांडायला नाही. कोपऱ्यातल्या वीस लिटरच्या जारकडं बोट करून म्हणाल्या, "भैया, अर्धा खाडा धरलाव, धरा. पर त्यातलं घागरभर पाणी न्यावं का?"

"मावशी, तो ऑफिसचा आहे."

"बरं," म्हणून मावशी गेल्या.

आप्पा शेजारीच होते. त्यांनी मुलाला तिथं शब्दानं दुखावलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "ट्रक नांदेडला चाललाय. ड्रायव्हरसोबत जा, त्या दुकानदाराकडली उधारी घेऊन ये."

उधारी काही मिळाली नाही. दुपारी ड्रायव्हर म्हणाला, "चला मालक, लंगरला जेवू." 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी जिथं देह ठेवला, तो हुजूर साहिब गुरुद्वारा नांदेडात कुणाला सांगावा लागत नाही, पण लातूरचा भैया तिथं जेवायला पहिल्यांदाच बसत होता. डोक्याला रुमाल बांधून पंगतीत बसला. एका बाजूला स्वतःचा ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला गाडीची चावी कमरेला लटकवलेला कुणी व्यापारी, पलीकडं रस्त्यावर दिवस काढणारा म्हातारा. सगळ्यांना तेच ताट, तीच रोटी, तीच डाळ. "डाळ आपल्याकडली असंल का हो?" ड्रायव्हरनं विचारलं. भैयाचं लक्ष नव्हतं. तो मोठ्या लोकांची बसायची जागा शोधत होता. तशी जागाच नव्हती. सगळे समान आहेत हे तिथं कुणी कुणाला समजावत नव्हतं, वेगळं बसायची सोयच ठेवलेली नव्हती.

परत आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते जारवाल्याला बंद सांगण्याचं. आता मालक, मुनीम, हमाल सगळ्यांना पाणी एकाच पिंपातलं. दुसरं काम महागातलं होतं. मिलचा बोअर दिवसाला दोन तास कसाबसा चाले आणि ते पाणी तुरीला लागे. भैयानं बोअरला एक नळ काढला: सुट्टी झाली की प्रत्येक कामगारानं दोन घागरी भरून न्यायच्या. कामाची वेळ आठाची दहा केली, संध्याकाळी तेवढी वाढवली. मुकादम गोंधळला. "मग शिस्तीचं काय?"

"दहाची धर की."

तुरीला पाणी पुरेना. मिल निम्म्यावर आली, हैदराबादची एक मोठी ऑर्डर सोडावी लागली. गोष्टीत इथं धो धो पाऊस पडायला हवा. पडला नाही. जून उजाडेपर्यंत नुकसान वाढतच गेलं. भैया रात्री वही घेऊन बसे. आप्पा मात्र निवांत झोपत. त्या दोन महिन्यांत कामगारांनी बोर्ड वाचला की नाही ठाऊक नाही, पण मालकाचा पैसा कुठं जातोय ते सगळ्यांनी नीट पाहिलं. मालक काय सोसतो यावर कामगारांचं बारीक लक्ष असतं, हे सल्लागाराच्या फायलीत कुठंच नव्हतं.

पावसाळ्याच्या शेवटी पाऊस असा लागला की तूर उदंड झाली. 2017च्या सुरुवातीला हमीभाव बोनससह 5,050 रुपये क्विंटल आणि बाजारातला भाव त्याच्या बराच खाली. सरकारी खरेदी केंद्रांपुढं ट्रॅक्टरच्या रांगा, त्यात बारदाना संपलेला. शेतकरी मिळेल त्या भावानं माल टाकत होता, तोलाबद्दल तक्रार करायची कुणाची हिंमत नव्हती.

मिलला थेट खरेदीचा परवाना होता. औसा तालुक्यातला एक शेतकरी 26 पोती तूर घालून, पट्टी घेऊन गेला. संध्याकाळी काट्यावरची चिठ्ठी जुळवताना मुकादमाला दिसलं की बारदानाचं वजन दोनदा वजा झालंय. म्हणजे 26 पोत्यांमागं 26 किलो तूर मिलला फुकट. हाच तो अर्धा खाडा धरणारा मुकादम. तो चिठ्ठी घेऊन मुनीमजींकडं गेला. मुनीमजींनी त्या शेतकऱ्याला फोन लावला, दुसऱ्या दिवशी फरकाचे हजारभर रुपये मोजून दिले आणि वहीत 'वजनफरक' म्हणून खर्ची टाकले.

दोघांनीही मालकाला विचारलं नव्हतं. भैयाला ते कळलं महिनाअखेरीस, हिशेब तपासताना.