भिंतीपलीकडचा कान

एखादी वस्तू विकत घेणे हा केवळ खिशाचा व्यवहार आहे, की त्यात नीतीचाही काही अंश असतो? जमीन, घर, सोने अशा मोठ्या खरेदीच्या वेळी हा प्रश्न आपण स्वतःला विचारतो. निदान विचारावा असे आपल्याला वाटते. किरकोळ वस्तूंच्या बाबतीत मात्र तो मनाला शिवतही नाही. म्हणूनच आज आम्ही मुद्दाम एक किरकोळ वस्तू विचारासाठी घेत आहोत. संगणकाच्या टेबलावर ठेवायचे दोन छोटे स्पीकर आणि टेबलाखाली ठेवायची सबवूफरची एक पेटी, असा जो संच बाजारात 'टू पॉइंट वन' या नावाने मिळतो, तो निवडताना कोणता विवेक बाळगावा, हा आमचा आजचा विषय.

विषय ऐकून काही वाचकांना हसू येईल. धर्मगुरूंनी आत्म्याविषयी लिहावे आणि स्पीकरविषयी दुकानदाराला बोलू द्यावे, असेही कोणी म्हणेल. परंतु धर्मग्रामातील घराघरांत आमचे जाणे-येणे असते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील अबोल्याची जी कारणे आमच्या कानी येतात, त्यांत पाण्याच्या वेळा आणि गाडी उभी करण्याची जागा यांच्या जोडीला 'त्यांच्या घरातला आवाज' हेही कारण असते. ज्या वस्तूमुळे दोन कुटुंबे एकमेकांशी बोलेनाशी होतात, ती वस्तू किरकोळ कशी म्हणावी?

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. संगीताच्या सुखाला आमचा विरोध नाही. संत ऑगस्टीन यांना कानाच्या सुखाची धास्ती वाटत असे. आपण प्रार्थनागीताच्या अर्थापेक्षा त्याच्या चालीतच अधिक रमतो की काय, ही चिंता त्यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या दहाव्या भागात व्यक्त केली आहे. तरीही चर्चमधील गायन बंद करावे, असे त्यांनी म्हटले नाही. संत थॉमस अक्विनस यांनी तर ॲरिस्टॉटलच्या मागोमाग जाऊन विरंगुळ्यालाही सद्गुणांच्या चर्चेत स्थान दिले. श्रमलेल्या शरीराला जशी झोप, तशी श्रमलेल्या मनाला करमणूक, असा त्यांचा आशय आहे. करमणुकीत अतिरेक हा दोष आणि करमणुकीचे पूर्ण वावडे हाही दोषच. तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या मुलाने चांगल्या स्पीकरची मागणी केली, तर ती चैन म्हणून झिडकारू नये. प्रश्न 'घ्यावा की नाही' हा नाही. 'कोणता घ्यावा आणि कसा वाजवावा' हा आहे.

निवड करण्यापूर्वी वस्तू समजून घ्यावी लागते. माणसाच्या कानाला ढोबळमानाने २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. स्वर जितका खालचा, तितकी अधिक हवा हलवावी लागते. टेबलावरच्या स्पीकरमधील दोन-तीन इंची पडद्याला ते झेपत नाही. म्हणून खर्जाचे काम वेगळ्या पेटीकडे सोपवतात. लहान संचांत ही वाटणी बहुधा १५० ते २०० हर्ट्झच्या आसपास होते. फार खालचा स्वर, सुमारे ८० हर्ट्झच्या आतला, कोणत्या दिशेने येतो हे कानाला नीट सांगता येत नाही. त्यामुळे ती पेटी नजरेआड ठेवली तरी बिघडत नाही. लहान पेटीतून खर्ज काढण्याच्या कलेचे बरेचसे श्रेय अमेरिकेतील एडगर व्हिल्चर यांना जाते. १९५४ साली त्यांनी हेन्री क्लॉस यांच्यासह ॲकॉस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगप्रमाणे राबवून घेणारा स्पीकर बाजारात आणला. तोवर खोल खर्ज हवा असेल, तर कपाटाएवढ्या पेटीला घरात जागा द्यावी लागे. व्हिल्चर यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती शेवटी सांगू.

आता पहिला नैतिक प्रश्न येतो, तो सत्याचा. आपल्याकडे या संचांच्या खोक्यांवर वर्षानुवर्षे 'पी.एम.पी.ओ.' नावाचा आकडा मोठ्या अक्षरांत छापला जात असे, आणि स्वस्त मालावर तो आजही आढळतो. क्षणभराच्या काल्पनिक कमाल शक्तीचा हा आकडा हजारांच्या घरात जातो. पण तो मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. सतत मिळणारी शक्ती सांगणारा 'आर.एम.एस.' आकडा त्या मानाने प्रामाणिक असतो आणि तो दहा, वीस, चाळीस वॅट असा साधा असतो. शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वाढ होते ती अवघी ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. मग मोठ्या आकड्याचा एवढा मोह का? खोटे छापणारा दोषी आहेच. पण ते खोटे खपते, कारण घेणाऱ्यालाही आकडाच हवा असतो. तो आकडा ऐकण्यासाठी नसतो, सांगण्यासाठी असतो. 'आमचा इतक्या वॅटचा आहे' हे वाक्य उच्चारता यावे म्हणून दिलेले पैसे संगीतासाठी खर्च झाले, असे म्हणता येणार नाही.

दुसरा प्रश्न पुरेसेपणाचा. टेबलाशी बसणाऱ्याचा कान स्पीकरपासून हातभर अंतरावर असतो. एवढ्या अंतरावर एक-दोन वॅटही भरपूर होतात. खर्जाचे म्हणाल, तर पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ एवढ्यात असतो. सर्वांत खोल तो पुरा पोहोचला नाही, तरी आपले फारसे अडत नाही. कारण वरच्या सहस्वरांवरून मूळ स्वर जुळवून घेण्याची अद्भुत शक्ती आपल्या श्रवणात आहे. जुन्या टेलिफोनवरून ३०० हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काहीच येत नसे, तरी वडिलांचा भारदस्त आवाज आपण तत्काळ ओळखत होतो. अर्थात डग्ग्याचा घुमारा किंवा चर्चमधील ऑर्गनचा गंभीर नाद खरेपणाने ऐकायचा, तर सबवूफरचा उपयोग आहेच. पण तो जेवणातल्या मिठासारखा. आहे हे वेगळे कळू नये, नसला तर मात्र उणीव भासावी.

म्हणून दुकानात जाताना दणदणाटासाठीच रचलेले गाणे घेऊन जाऊ नये. ज्याचा शब्दन्‌शब्द ठाऊक आहे असे एखादे भक्तिगीत किंवा भावगीत न्यावे आणि हळू आवाजात ऐकावे. शब्द स्वच्छ येतात का? गायकाचा आवाज समोरून येतो, की टेबलाखालून आल्यासारखा वाटतो? खर्जाचा एक सूर संपून दुसरा सुरू झाला हे कळते, की सगळे एकच घुमणे होते? खर्जासाठी वेगळे बटण आहे का, आणि ते हाताशी आहे की पेटीच्या पाठीमागे? हळू वाजवल्यावर जो संच गोड वाटतो, तो घ्यावा. मोठ्याने वाजवल्यावर तर पुष्कळसे संच छाप पाडतात.

येथपर्यंतचा विचार घेणाऱ्याच्या हिताचा झाला. तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण तो जो घेणारा नाही त्याच्याविषयी आहे. ५,००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ७ सेंटिमीटर असते. ५० हर्ट्झच्या स्वराची सुमारे ७ मीटर. भिंत वरच्या स्वरांना सहज अडवते, खर्जापुढे मात्र ती हतबल होते. ढोबळ नियम असा, की कंपनसंख्या निम्मी झाली की भिंतीची अडवण्याची शक्ती सुमारे ६ डेसिबलने घटते. याचा परिणाम विचित्र होतो. आपल्या खोलीत गाणे वाजते; शेजारच्या खोलीत गाणे पोहोचतच नाही. तेथे सूर नसतो, शब्द नसतात, असते ती फक्त धडधड. सुख एकाचे आणि त्याचा गाळ दुसऱ्याच्या वाट्याला, अशी ही वाटणी आहे. त्या भिंतीपलीकडे उद्याच्या परीक्षेचा अभ्यास चालू असेल, रात्रपाळी करून आलेला कोणी झोपला असेल, एखादी आजी शेवटच्या दुखण्यात असेल. त्यांच्यापैकी कोणीही ते गाणे निवडलेले नाही.

वसईच्या जुन्या वाड्यांत दोन घरांमध्ये विहीर होती, केळीची बाग होती, मोकळी हवा होती. तेथे आवाजाला विरायला जागा होती. आज आपली कितीतरी कुटुंबे इमारतींत राहतात. एकाचे छप्पर ते दुसऱ्याची जमीन आणि भिंत दोघांची मिळून एक. सवयी वाडीतल्या राहिल्या आणि घरे एकमेकांना चिकटली. या भेदाचा विचार आपण पुरता केलेला नाही.

कोणी म्हणेल, यासाठी कायदा आहे. आहे खरा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ असे ठरवले आहे. खाजगी ध्वनियंत्राचा आवाज आपल्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाऊ नये, असेही ते नियम सांगतात. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही आपल्या निकालात त्याचा पुनरुच्चार केला. पण येथे एक मेख आहे. हे मोजमाप ज्या 'ए' पद्धतीने होते, ती कानाच्या संवेदनशीलतेशी जुळावी म्हणून खालच्या स्वरांना कमी लेखते. ५० हर्ट्झच्या स्वरातून ती सुमारे ३० डेसिबल वजा करते. त्यामुळे शेजारच्या पेल्यातले पाणी थरथरत असतानाही यंत्राचा काटा निर्दोष आकडा दाखवू शकतो. जेथे कायद्याचा कान संपतो, तेथे विवेकाचा कान सुरू व्हावा लागतो. 'मी नियम मोडलेला नाही' हे उत्तर पोलीस ठाण्यात पुरेल. शेजाऱ्याच्या दारात ते पुरणार नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेने निघून गेलेल्या दोघांनी तरी कोणता नियम मोडला होता?

दुसरा आक्षेप अधिक नेटाचा आहे. 'माझ्या घरात, माझ्या पैशाने, मी काय ऐकावे हे कोण ठरवणार?' काय ऐकावे हे कोणीच ठरवू नये. पण स्वातंत्र्याची हद्द आपल्या दारापर्यंत मानायची, तर आवाजाची हद्दही दारापर्यंतच ठेवली पाहिजे. आणि 'ते नाही का वाजवत?' हा तिसरा आक्षेप तर लहान मुलांच्या भांडणातला आहे. दुसऱ्यांच्या मिरवणुकीच्या गोंगाटाबद्दल आपण तक्रार करतो, तेव्हा आपल्या हळदीच्या रात्रीचा दणदणाटही आठवून पाहावा, एवढेच आम्ही म्हणू.

तरुणांना मात्र सरसकट दोष देऊ नये. आवाज हळू केला की खर्ज सर्वांत आधी नाहीसा झाल्यासारखा वाटतो, ही कानाची रचनाच आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ साली ती मोजून दाखवली. म्हणून हात आपोआप बेसच्या बटणाकडे जातो. मोहाला शरीरात आधार असतो, याचा अर्थ त्याला शरण जावे असा होत नाही. उपाय शोधावा, एवढाच होतो. उपाय साधे आहेत. पेटी सामाईक भिंतीपासून दूर ठेवावी. ती कोपऱ्यात ठेवू नये, कारण कोपऱ्यात खर्ज फुगतो. पेटीखाली जाड रबर किंवा फोमचा तुकडा घालावा, म्हणजे थरथर फरशीत कमी उतरते. स्पीकर कानाजवळ आणावेत आणि आवाज उतरवावा. रात्री दहानंतर बेसचे बटण खाली न्यावे किंवा हेडफोन घ्यावा. हेडफोन हाही सर्व दुखण्यांवरचा इलाज नव्हे. दिवसभर कान झाकून बसलेल्या मुलाला आईची हाक ऐकू येत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा ऐकण्याला प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी मर्यादा सुचवली आहे.

आता व्हिल्चर यांची राहिलेली गोष्ट. लहान पेटीला खर्ज शिकवणारा हा माणूस पुढे स्पीकरचा व्यवसाय सोडून बहिऱ्यांकडे वळला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला हळू आवाज स्पष्ट ऐकू यावा आणि मोठा आवाज असह्य होऊ नये, यासाठी श्रवणयंत्राची एक नवी पद्धत त्यांनी शोधली. १९७३ साली ती प्रसिद्ध केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. कोणीही वापरावी म्हणून मोकळी सोडली. २०११ साली ते निवर्तले. ध्वनीचे मर्म ज्याला कळले, त्याने शेवटी विचार केला तो दुसऱ्याच्या कानाचा.

आपल्याकडून कोणी शोधाची अपेक्षा करत नाही. नवा संच घरी आणला की पहिल्याच दिवशी नेहमीच्या आवाजात एक गाणे लावावे, शेजाऱ्यांचे दार ठोठवावे आणि विचारावे, 'काका, आमचा आवाज इथे किती येतो?' ते भिडेपोटी 'नाही, नाही' म्हणतील. तेव्हा त्यांची परवानगी घेऊन आत जावे, सामाईक भिंतीशी दोन मिनिटे उभे राहावे आणि स्वतःच्या कानांनी ऐकावे. मग घरी येऊन बटण कोठवर न्यायचे ते ठरवावे.