अर्ध्यावरची पुस्तकं

पुस्तक वाचून झालेल्या माणसाचं मत आणि अजून पुस्तकात अडकलेल्या माणसाचं मत यांत फार फरक असतो. आपल्याकडे मान पहिल्याला आहे. परीक्षण, रसग्रहण, पुरस्काराच्या वेळचं मानपत्र, सगळं शेवटचं पान उलटल्यानंतरचं. अर्धंच वाचून तोंड उघडणं म्हणजे उथळपणा, ही शिकवण शाळेपासूनची. वाचनकट्ट्यावर मात्र पहिला प्रश्न असतो, ‘सध्या काय चालू आहे?’ आणि उत्तरं येतात ती बहुधा पान दुमडून ठेवलेल्या पुस्तकांची. मला वाटतं, कट्ट्याचं खरं काम याच उत्तरांत होतं. ज्या रविवारी सगळ्यांनी एकच पुस्तक पूर्ण वाचून यायचं ठरतं, त्या रविवारी कट्ट्याची सभा होते. कुणीतरी टिपणं काढून आणतं, कुणीतरी ‘लेखकाला इथे असं सुचवायचं आहे’ म्हणतं आणि चहा येईपर्यंत सगळे शहाण्यासारखे वागतात.

अर्ध्यावरचा वाचक शहाणा नसतो. तो पात्रांविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयी बोलावं तसं बोलतो, त्यांच्यावर चिडतो, त्यांना सल्ले देतो. आमच्या कट्ट्यावरच्या एका निवृत्त इंजिनिअरांनी आयुष्यभर तांत्रिक अहवालांपलीकडे फारसं वाचलं नव्हतं. त्यांच्या हाती विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ पडली. 1939 सालची ही कादंबरी, युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर घडणारी. बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत, त्यांच्यात हॅर्टा आहे आणि परत येणारा चक्रधर आहे. इंजिनिअरसाहेब अर्ध्या प्रवासात होते. चक्रधर टाळाटाळ करतोय, पण मुंबई जवळ आली की त्याला निर्णय घ्यावाच लागेल, असं त्यांनी हिशेबानं मांडलं. ज्यांनी ती आधी वाचली होती ते टेबलाकडे बघत राहिले. तसं पाहिलं तर त्यांच्याकडे इंजिनिअरांपेक्षा जास्त माहिती होती. पण त्या क्षणी कादंबरीच्या जवळ होते ते इंजिनिअरच, कारण चक्रधरासमोरचे सगळे रस्ते त्यांच्यापुरते अजून उघडे होते. कादंबरी ज्या प्रश्नावर उभी आहे, तो प्रश्न त्यांना प्रश्न म्हणून दिसत होता. बाकीच्यांना फक्त उत्तर आठवत होतं.

मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात वाचणारे पुष्कळसे अर्ध्यावरचेच होते. हरि नारायण आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातूनच क्रमशः येत गेली. यमू आपली हकिकत स्वतः सांगते. लहानपण, लग्न, सासर आणि पुढचे हाल. पुढचा अंक हाती पडेपर्यंत यमूची काळजी करण्याखेरीज वाचणाऱ्याला गत्यंतर नव्हतं. ग्रंथालयात जाऊन शेवट बघून येण्याची सोय नव्हती, कारण शेवट कुठे छापलेलाच नव्हता. त्याच सुमारास बाहेर संमतिवयाच्या कायद्यावरून रान पेटलेलं होतं. टिळक एका बाजूला, आगरकर दुसऱ्या बाजूला. 1891 मध्ये कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर आली. घरात वाचली जाणारी यमू आणि चौकात चाललेला वाद यांच्यात तेव्हा पुस्तकाच्या पुठ्ठ्याची भिंत नव्हती. आज ती कादंबरी आपण ‘स्त्रीजीवनाचं वास्तव चित्रण’ एवढं म्हणून परीक्षेत पाच गुणांना लिहितो. तेव्हाच्या वाचकाला यमूचं पुढं काय होणार हे ठाऊक नव्हतं आणि स्वतःच्या घरातल्या मुलीचं काय करायचं हेही ठरलेलं नव्हतं.

यावर कुणी म्हणेल की आपली वाचनाची जुनी रीत तर नेमकी उलटी आहे. श्रावणात पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ किंवा ‘हरिविजय’ वाचायला घेतला जायचा. ऐकणाऱ्या प्रत्येक बाईला शेवट पाठ असायचा, आणि तरी द्यूताच्या अध्यायाला डोळे पुसले जायचेच. आक्षेप रास्त आहे. त्यावरून एवढंच दिसतं की अर्ध्यावर असणं म्हणजे शेवट माहीत नसणं नव्हे. पोथी अध्यायावर थांबते, आणि दुसऱ्या दिवशीच्या अध्यायापर्यंत ऐकणारा तिथेच मुक्कामाला असतो. आमच्यातल्या एक बाई ‘बनगरवाडी’ पुन्हा पुन्हा वाचतात. दुष्काळ पडून वाडी ओस पडणार हे त्यांना माडगूळकरांइतकंच पक्कं ठाऊक आहे. तरी तालीम बांधली जात असते त्या पानांवर असल्या की त्या आठवडाभर खुशीत असतात, आणि विचारलं तर म्हणतात, ‘आमच्या तालमीचं काम चाललंय.’ दुष्काळाचा विषय कुणी काढला तर त्यांना आवडत नाही.

संपलेल्या पुस्तकाचं एक मत होतं आणि ते आपण खिशात घालून फिरतो. वाटेतली मतं विसरतो, जणू ती चुकीचीच होती. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याला चांगलं उदाहरण आहे. पहिली काही प्रकरणं वाचणारा माणूस हसत असतो. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घ्यायची! घरात कोण काय खाणार, काय नासणार, कुणाला बोलणी बसणार, सगळं त्यांनी अशा काही खुसखुशीत ढंगानं सांगितलंय की कट्ट्यावर एकीनं ‘विनोदी पुस्तक आहे’ असं जाहीरच करून टाकलं. ज्यांनी पूर्ण वाचलं होतं त्यांना तिला दुरुस्त करायची घाई झाली. ते विनोदी नाही हो, पुढं बघा, त्यांचे यजमान टिळक ख्रिस्ती होतात, ताटातूट होते. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी धर्म बदलला आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी. मधली पाच वर्षं कशी गेली हे ज्याला कळलं, त्याला आधीचं हसू पोरकट वाटणं साहजिक आहे. पण त्या सोवळ्यावर जो मनापासून हसला नाही, त्याला पुढचं दुःख निम्मंच कळतं. ज्या सोवळ्याची आपण मजा घेतली त्याच सोवळ्याच्या जगातून ही बाई उपटली गेली. ‘विनोदी पुस्तक’ हे मत म्हणूनच मला खोडावंसं वाटत नाही. त्या पानापुरतं ते बरोबर होतं, आणि लक्ष्मीबाईंनी ते आपल्याकडून मुद्दाम काढून घेतलं असावं, असा मला दाट संशय आहे.

दया पवारांच्या ‘बलुतं’च्या वेळी हीच गोष्ट वेगळ्या आणि अवघड रीतीनं समोर आली. पुस्तक 1978 चं. कट्ट्यावरच्या बहुतेकांचं ते कधी ना कधी वाचून झालेलं. त्याविषयीचं त्यांचं मत तयार होतं, सभ्य होतं आणि भूतकाळात होतं. त्या काळी फार भयंकर परिस्थिती होती, लेखकाच्या प्रामाणिकपणाला दाद द्यायला हवी, वगैरे. हे सगळं खरंच आहे. एक तरुण मुलगी मात्र तेव्हा पुस्तकाच्या ऐन मध्यात होती. गाव आणि मुंबईचा कावाखाना यांच्यामध्ये कुठेतरी. तिला भूतकाळ वापरता येईना. तिनं विचारलं, आपल्या या खोलीत किती आडनावं बसली आहेत आणि कुठली बसलेली नाहीत, हे कुणी कधी मोजलंय का? खोलीत काही वेळ पंखाच काय तो चालू होता. मग कुणीतरी ‘चांगला मुद्दा आहे’ म्हणालं आणि पुढच्या सभासदाकडे वळलं.

तेव्हापासून मला पुस्तक संपवण्याच्या अभिमानाचा जरा धाक वाटतो. शेवटचं पान उलटलं की पुस्तक कपाटात जातं, आणि त्याच्याबरोबर त्यानं काढलेला प्रश्नही निकाली निघाल्यासारखा वाटतो. अर्ध्यावरच्या वाचकाला ही सुटका नाही. तो उशाशी ते पुस्तक घेऊन झोपतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच लोकांत उठून चहा पितो.

आता थोडं खोटेपणाविषयी. ‘सध्या काय चालू आहे’ या प्रश्नाला सगळे खरं उत्तर देतात असं नाही. पिशवीत एक पुस्तक असतं आणि तोंडी दुसरं. नेमाडे, श्याम मनोहर, एखादा अनुवादित लॅटिन अमेरिकन लेखक ही बोलण्याची नावं. रात्री पडल्या पडल्या वाचलं जातं ते वेगळंच. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचणारे लाखांनी असणार, पण काळापहाड किंवा झुंजार आपल्याला आवडतो, असं सभेत उभं राहून सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही. कट्टा रुळला हे ओळखायची माझी खूण हीच आहे. ज्या दिवशी एखादे प्राध्यापक खाली न बघता सांगतात की या आठवड्यात त्यांनी सुहास शिरवळकर वाचले आणि मजा आली, त्या दिवसापासून तिथलं बाकीचंही बोलणं विश्वासानं ऐकायला हरकत नाही.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं 2009 मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत हा दिखाऊपणा आपोआप कमी होत असावा, असा माझा तर्क आहे. तिथे शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे येते आणि काही महिन्यांनी बदलते. अशा पेट्या पार दुबईपर्यंत पोचल्या आहेत. पेटीत काय आहे ते सगळ्यांना दिसतं, कुणी काय उचललं तेही दिसतं. आणि आपण परत केलेलं पुस्तक शेजारीण नेते, तेव्हा ती ऐंशीव्या पानावर आणि आपण बाहेर, असं नातं तयार होतं. तिला भेटल्यावर तोंड बंद ठेवणं हा त्यातला सगळ्यात कठीण भाग. सार्वजनिक ग्रंथालयांत हे पथ्य कुणी पाळलेलं नाही. तिथल्या रहस्यकथांच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असतं, आणि त्याखाली दुसऱ्या कुणीतरी, शाईत, लिहिणाऱ्याचा उद्धार केलेला असतो. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचा तोही कट्टाच.

आमच्या कट्ट्यावर सगळ्यात जास्त टोमणे खाणारे एक काका आहेत. त्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘हिंदू’. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी 2010 साली आली, तेव्हापासून त्यांचं तेच चालू आहे. सहाशे पानं आहेत हे मान्य, पण इतकी वर्षं? मोहेंजोदडोच्या उत्खननापासून खंडेराव वडिलांच्या आजारपणाची बातमी ऐकून गावाकडे निघतो, तेवढ्या प्रवासात काका मध्येच मागं फिरतात, आवडलेली पानं पुन्हा वाचतात, एखाद्या पावसाळ्यात पुस्तक बाजूलाच ठेवतात. न वाचताच मिरवतात, असा त्यांच्यावर आरोप आहे. मला तो पटत नाही, कारण शेतीची, घरातल्या बायकांची, लभान्यांची पानं ते ज्या तपशिलानं सांगतात, तो तपशील मिरवणाऱ्याकडे नसतो. गेल्या खेपेला एका नव्या सभासदानं त्यांना तोंडावर विचारलं, संपवणार कधी? काकांनी चष्मा पुसला. ‘ही चार भागांतली पहिलीच कादंबरी आहे म्हणतात,’ ते म्हणाले. ‘पुढचे भाग अजून यायचेत. लिहिणाऱ्याचंच व्हायचंय, तर मला कसली घाई?’ आणि नव्या सभासदाकडे वळून त्यांनी विचारलं, तुमचं काय चालू आहे सध्या?